विषय: ‘फिंगर्स क्रॉस्ड’ म्हणजे होकार समजायचा का?

सप्रेम नमस्कार मंडळी,
मी सध्या नागपुरात आहे, मुलगा मँचेस्टरला. त्याच्या शिष्यवृत्तीचा निकाल शुक्रवारी लागतो. प्राध्यापकांनी त्याला लिहिलं, ‘फिंगर्स क्रॉस्ड फॉर फ्रायडे!’ तेव्हापासून तो काम झालंच म्हणून राहिलाय आणि दुसऱ्या विद्यापीठाला नकार कळवायला निघालाय. इकडे आजीची टेकडीच्या गणपतीला पेढे चढवायची तयारी सुरू आहे. कुणी जाणकाराने सांगावं.
— धरमपेठहून, जुनी सभासद

वहिनी, नमस्कार.
पेढे खुशाल चढवू द्या, पण नकाराचा मेल आधी थांबवा. ‘फिंगर्स क्रॉस्ड’मध्ये कुणी कुणाला शब्द देत नाही. उलट बोलणारा सांगतो की निर्णय माझ्या हातात नाही, पण तुझं व्हावं असं मनापासून वाटतं. आपण देव पाण्यात घालून बसतो, तसंच. तर्जनीवर मधलं बोट चढवायचं, ही त्याची खूण. ब्रिटनमध्ये १९९४ साली नॅशनल लॉटरी सुरू झाली, तिच्या बोधचिन्हातला हात असाच आहे. आणि तिकीट घेतलं म्हणजे बक्षीस लागलं, असं कुणी म्हणत नाही.

आपल्याकडे ‘टचवूड’ आणि हे बरेच जण एकाच दावणीला बांधतात. काटोलकडच्या बागाईतदाराचं बघा. मृग बहाराची संत्री झाडावर लदलेली आहेत, दृष्ट लागू नये: टचवूड. तोड होईपर्यंत गारपीट नको: फिंगर्स क्रॉस्ड. पहिलं हातात असलेल्या चांगल्यासाठी, दुसरं अजून व्हायचंय त्यासाठी.

हे बोलणं खेळीमेळीचं आहे. प्राध्यापकांनी विद्यार्थ्याला लिहिलं तर त्यात माया दिसते. विद्यार्थ्याने निवड समितीला लिहू नये. आणि ज्याचं माणूस आयसीयूत आहे त्याला तर कधीच नाही. तिथे ‘आम्ही प्रार्थना करतोय’ असं सरळ लिहावं. बोटांची खूण करतानाही जपून, व्हिएतनाममध्ये ती अश्लील मानतात.

मुलाला सांगा, सरांना आभाराची एक ओळ लिही आणि दुसरा अर्ज चालू ठेव. आमच्याही शुभेच्छा आहेतच.
— प्रतापनगरहून

भाऊ,
लगेच फोन लावला. मेल लिहून ठेवला होता, पाठवला नव्हता. दुसऱ्या विद्यापीठाकडे आठवड्याची मुदत मागतो म्हणाला. शुक्रवारी कळवते.