मदत हवी आहे : जुना लॅब पॉवर सप्लाय घेताना काय तपासू?

नमस्कार मंडळी. घरच्या टेबलावर ऑडिओ प्रीअँप आणि छोटी मायक्रोकंट्रोलर सर्किट्स जुळवतो. पुण्यात बुधवार पेठेत, तपकीर गल्लीजवळ, एका दुकानात अपलॅब कंपनीचा जुना लिनियर (जड ट्रान्सफॉर्मरवाला) सप्लाय, म्हणजे हवं तेवढं डीसी व्होल्टेज देणारा डबा, पाहिलाय : 0 ते 30 व्होल्ट, 2 अँपिअर, करंट लिमिटसह (ठरवल्यापेक्षा जास्त करंट जाऊ न देण्याची सोय). नवा स्विचिंगवाला हलका आणि स्वस्त मिळेल, पण प्रीअँपसाठी रिपल (डीसी आउटपुटवर उरणारी व्होल्टेजची बारीक चढउतार) कमी हवा, म्हणून ओढा याच्याकडेच आहे.

दुकानदार चालू करून दाखवायला तयार आहे. मल्टिमीटर आणि 10 ओहम, 50 वॅटचा रेझिस्टर नेणार आहे, म्हणजे 10 व्होल्टला 1 अँपिअर लोड मिळेल. आउटपुट शॉर्ट करून करंट लिमिट नीट धरतो का तेही बघेन. खरी धास्ती वेगळीच आहे : चालू-बंद करताना व्होल्टेज क्षणभर उसळलं तर 3.3 व्होल्टची चिप जागीच जाईल, आणि मल्टिमीटरला ती उसळी दिसणारही नाही. ऑसिलोस्कोपशिवाय (व्होल्टेजचा क्षणोक्षणीचा आलेख दाखवणारं उपकरण) हे दुकानात कसं ओळखायचं?

शिवाय फिल्टर कपॅसिटर सरसकट बदलावेत, की आधी रिपल मोजावा? कुणी असा जुना सप्लाय वापरत असेल तर अनुभव जरूर लिहा. पुण्यात कुणी तासभर स्कोप देऊ शकलं तर फार उपकार होतील.