२६वी नॉर्थ कॅरोलायना पलटण: पहिल्या वर्षातले शिपाई नक्की कशासाठी लढले?

क्रॅबट्रीकाठ

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याची राजधानी रॉली, तिथल्या कॅपिटॉलसमोरचा १८९५ सालचा कॉन्फेडरेट (म्हणजे यादवी युद्धात संघराज्यातून फुटलेल्या, गुलामगिरी असलेल्या दक्षिणेच्या बाजूचा) स्तंभ जून २०२० मध्ये उतरवला गेला. माझ्या मते ते योग्यच झालं. पण त्या वादात एक वाक्य सरसकट फेकलं जातं, "दक्षिणेचा प्रत्येक शिपाई गुलामगिरी टिकवायलाच लढला." ते मला पटत नाही. का पटत नाही, ते एका पलटणीच्या पहिल्या वर्षावरून मांडतो.

आज रॉली, केरी, मॉरिसव्हिल या पट्ट्यात मराठी घरं बरीच आहेत. तिथूनच वाहणाऱ्या क्रॅबट्री ओढ्याकाठी, रॉलीजवळ, १८६१ च्या उन्हाळ्यात प्रशिक्षणाची छावणी होती. २७ ऑगस्टला दहा कंपन्या एकत्र करून २६वी नॉर्थ कॅरोलायना पायदळ पलटण उभी राहिली. कॉल्डवेल काउंटीच्या दोन, चॅथमच्या दोन आणि अ‍ॅश, विल्क्स, युनियन, वेक, मूर, अ‍ॅन्सन यांची प्रत्येकी एक. कंपन्यांनी आपापली नावं ठेवली होती: 'हिब्रिटन गार्ड्‌स', 'पी डी वाइल्ड कॅट्स'. एकेका कंपनीत भाऊ, चुलतभाऊ, शेजारी, एकाच चर्चला जाणारे. भरती बारा महिन्यांची आणि आपखुशीची.

कर्नल म्हणून निवडून आला झेब्युलन व्हान्स. हा माणूस काँग्रेसमध्ये संघराज्य टिकावं म्हणून झगडला होता. फेब्रुवारी १८६१ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या मतदारांनी फुटून निघण्यासाठी परिषद भरवायलाच नकार दिला होता, साडेसहाशेच्या आसपास मतांच्या फरकाने. मग एप्रिलमध्ये दक्षिणेने संघराज्याच्या सम्टर किल्ल्यावर तोफा डागल्या, अध्यक्ष लिंकनने राज्यांकडे ७५,००० सैनिक मागितले आणि सगळं वातावरण पालटलं. २० मे रोजी राज्य बाहेर पडलं. म्हणजे फेब्रुवारीत "नको" म्हणणारी मुलं मे-जूनमध्ये नाव नोंदवत होती. मधल्या तीन महिन्यांत गुलामगिरीबद्दल त्यांचं मत बदललं नव्हतं. बदललं ते एवढंच, की आता शेजारच्या राज्यांवर चालून जायचं की आपल्या किनाऱ्यावर उभं राहायचं, यातलं एक निवडणं भाग पडलं.

पहिली नेमणूक समुद्रकाठी बोग बँक्सवर, फोर्ट मेकनजवळ. तिथे शत्रूआधी गोवर आणि तापाने गाठलं. डोंगरातल्या एकट्या घरांत वाढलेल्या पोरांना हे रोग लहानपणी झालेलेच नव्हते, त्यामुळे छावणीत साथ वणव्यासारखी पसरली. एकही गोळी न झाडता कितीतरी जण वाळूत पुरले गेले. मार्च १८६२ मध्ये न्यू बर्नची लढाई झाली आणि एप्रिलमध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा आला. वर्षभरासाठी आलेल्या माणसांना सांगितलं गेलं, तीन वर्षं पुरी करा.

अ‍ॅश काउंटीत गुलामांचं प्रमाण शंभरात पाचच्या आसपास होतं. तिथल्या शेतकऱ्याच्या मुलावर मळेवाल्यांच्या पापाचा सगळा भार टाकणं मला अन्याय वाटतो. तुम्हाला काय वाटतं?

वऱ्हाडीकपाशी

माहिती चांगली दिलीत, निष्कर्ष अजिबात मान्य नाही.

तुम्ही दहा कंपन्यांची नावं घेतलीत आणि हिशेब मात्र एकट्या अ‍ॅशचा मांडलात. त्याच पलटणीत अ‍ॅन्सनची कंपनी होती, आणि अ‍ॅन्सनची जवळपास निम्मी लोकसंख्या गुलाम होती. वेकमध्ये एक तृतीयांशाहून जास्त. सगळ्या राज्याचं बघायचं तर १८६० च्या जनगणनेत सुमारे ९,९२,००० लोकांपैकी ३,३१,००० गुलाम होते. एवढ्या मोठ्या व्यवस्थेत स्वतःच्या नावावर गुलाम नसणारा गोरा शेतकरीही बाहेरचा नसतो. तो गुलाम भाड्याने घेतो, गुलामांवर पाळत ठेवणाऱ्या गस्तीवर जातो, शेजाऱ्याच्या मळ्याला धान्य विकतो, आणि आपण निदान गुलाम तरी नाही याचं समाधान त्याला रोज मिळतं.

आणि नेते कोण होते? व्हान्सचा दुय्यम अधिकारी, लेफ्टनंट कर्नल हेन्री बर्ग्विन, वय १९. व्हर्जिनिया लष्करी संस्थेतून नुकताच बाहेर पडलेला, कवायतीत अतिशय कडक. रोअनोक नदीकाठच्या मोठ्या मळ्याच्या मालकाचा मुलगा. छावणीत त्याच्या सेवेला गुलाम होता. शिपायांनी तो रोज पाहिला असेल. आपण कोणत्या समाजासाठी बंदूक धरली आहे हे कळायला त्यांना भाषणाची गरज नव्हती.

भाषणही झालंच होतं म्हणा. २१ मार्च १८६१ ला सव्हाना येथे फुटलेल्या दक्षिणेचा, म्हणजे कॉन्फेडरेट सरकारचा, उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्सने उघड सांगितलं की नव्या सरकारची कोनशिला म्हणजे काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही हे सत्य, आणि गुलामी ही त्याची नैसर्गिक अवस्था. नॉर्थ कॅरोलायना त्यानंतर दोन महिन्यांनी त्या सरकारात सामील झालं. काय विकत घेतोय हे न कळता घेतलं, असं म्हणता येणार नाही.

पारिजातक

गोवराबद्दल वाचून गलबलून आलं. अठरा-एकोणीस वर्षांची मुलं, आईपासून पहिल्यांदाच एवढ्या लांब, आणि वाळूत पुरली गेली. त्यांच्याबद्दल हळहळ वाटणं म्हणजे गुलामगिरीचं समर्थन होत नाही. धाग्याच्या मूळ मुद्द्याशी सहमत.

क्रॅबट्रीकाठ

वऱ्हाडीकपाशी, अ‍ॅन्सनचा आकडा बरोबर आहे, आणि बर्ग्विनबद्दलही माझं दुमत नाही. पण न्यू बर्नला काय घडलं ते नीट पाहू, कारण मालक आणि शिपाई यांचे हितसंबंध एकच होते हे तुमचं गृहीतक तिथे टिकत नाही.

फेब्रुवारी १८६२ मध्ये किनाऱ्याजवळचं रोअनोक बेट संघराज्याच्या हाती पडलं. आता त्यांचा सेनापती बर्नसाइड याचं सैन्य न्यू बर्नवर येणार हे उघड होतं. तिथला सेनापती लॉरेन्स ब्रँच याच्याकडे जेमतेम चार हजार माणसं, समोर अकरा हजारांच्या आसपास. मोर्चेबांधणी अर्धवट. त्याने वर्तमानपत्रात आवाहन केलं की मळेवाल्यांनी थोडे दिवस आपले गुलाम खणायला द्यावेत. त्याच्या अहवालात नोंद आहे की अशा जाहिरातीतून त्याला एकच गुलाम मिळाला. एक! ज्यांच्या मालमत्तेसाठी युद्ध चाललं होतं त्यांनी ती मालमत्ता आठवडाभर वापरायला द्यायलाही हात आखडता घेतला. फावडी उचलली ती कॉल्डवेल आणि विल्क्सच्या पोरांनी.

१४ मार्चला सकाळी लढाई पेटली. फळीच्या मधोमध, रेल्वेमार्गाशेजारी वीटभट्टीजवळ खिंडार होतं, आणि तिथे नवशिके मिलिशियावाले उभे केले होते. ते फुटले. उजवीकडे २६वी पलटण मातीच्या मोर्च्यांआड आपली जागा धरून होती. डावीकडची सगळी फळी मागे गेली तेव्हा पलटण बाकीच्या सैन्यापासून तोडली गेली. मागे ब्राइसेस क्रीक, आणि पुढे नदीवरचा पूल पेटवलेला. व्हान्सने होड्या मिळवायला म्हणून घोडा पाण्यात घातला आणि तो स्वतःच बुडता बुडता वाचला. मेजर अ‍ॅबनर कारमायकल लढाईतच पडला होता. मग हाताशी आलेल्या मोजक्या होड्यांतून खेप खेप करत माणसं पलीकडे नेली गेली, आणि बर्ग्विन शेवटी गेला. ज्या पोरांना त्याची कवायत नकोशी झाली होती, ती त्या दिवसापासून त्याला मानू लागली.

या माणसांना तुम्ही मळेवाल्यांच्याच रांगेत बसवता, हे मला खटकतं.

निंबोणी

चर्चा वाचते आहे आणि एक गोष्ट सारखी टोचते आहे. दोन्ही बाजूंनी शिपाई बोलतोय, अधिकारी बोलतोय, मळेवाला बोलतोय. न्यू बर्नमध्ये त्या दिवशी गुलाम असलेले लोक काय करत होते?

ते वाट पाहत होते. पलटण किन्स्टनच्या दिशेने मागे हटली आणि आसपासच्या काउंट्यांतून माणसं न्यू बर्नकडे निघाली, पायी, होड्यांतून, पोरं कडेवर घेऊन. थोड्याच महिन्यांत हजारो जमा झाले. अब्राहम गॅलोवे हा स्वतः गुलामीतून निसटलेला तरुण तिथे संघराज्याच्या बाजूने हेरगिरी आणि भरतीचं काम करत होता. १८६३ मध्ये त्याच गावात काळ्या सैनिकांची ब्रिगेड उभी राहिली. युद्धानंतर, १८६८ मध्ये, गॅलोवे राज्याच्या सिनेटवर निवडून गेला. क्रॅबट्रीकाठ ज्याला "आपला किनारा राखणं" म्हणतात, त्या राखणीचा अर्थ या माणसांसाठी इतकाच होता की सुटकेची वाट आणखी एक दिवस बंद.

आपण मराठीत बोलतो आहोत म्हणून आणखी एक. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' छापली आणि ती अमेरिकेतल्या ज्या सत्पुरुषांनी गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी निरपेक्ष त्याग केला त्यांना अर्पण केली. युद्ध संपून आठ वर्षं झाली होती. पुण्यात बसलेल्या माणसाला या लढाईचा अर्थ लख्ख दिसत होता. दीडशे वर्षांनी रॉलीत बसून आपण तो का धूसर करायचा?

जुनीपलटण

मी अनेक वर्षं गणवेशात काढली आहेत, म्हणून या धाग्यावर थोडं वेगळं बोलतो. शिपाई कशासाठी भरती होतो आणि गोळ्या सुरू झाल्यावर कशासाठी जागेवर टिकतो, ही दोन निराळी उत्तरं असतात. २६व्या पलटणीला टिकवलं ते कवायतीने आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या लाजेने. १ जुलै १८६२ ला मॅल्व्हर्न हिलच्या चढावर संध्याकाळी तोफांसमोर ही पलटण गेली, ती काही स्टीफन्सचं भाषण आठवून गेली नाही. पुढल्या वर्षी, १ जुलै १८६३ ला, गेटिसबर्गमध्ये आठशेच्या वर माणसं घेऊन गेलेल्या या पलटणीचे सहाशेच्या आसपास पडले. तेव्हा कर्नल असलेला बर्ग्विनही त्यातच गेला, वय २१. असं लढणं बोग बँक्सच्या त्या कंटाळवाण्या हिवाळ्यात घडवलं गेलं होतं.

त्या शौर्याला मी सलाम करतो. पण निंबोणी यांचा प्रश्न मला सोडवता येत नाही. शौर्य कुणाच्या कामी आलं, हे ठरवणं शिपायाच्या हातात नसतं. ते ओझं मात्र त्याच्या नावावर राहतं.

वऱ्हाडीकपाशी

"शिपायाच्या हातात नसतं" हे पुरतं खरं नाही. याच पलटणीतलं उदाहरण देतो.

कॉल्डवेलकडच्या डोंगराळ भागातला कीथ ब्लेलॉक संघराज्याच्या बाजूचा होता. संधी मिळताच पलीकडे निघून जायचं, या हिशेबाने तो मार्च १८६२ मध्ये भरती झाला. त्याची बायको मलिंडा पुरुषाच्या वेशात, 'सॅम' नाव घेऊन, त्याच कंपनीत दाखल झाली. निसटायला जमेना तेव्हा त्याने विषारी झुडपाचा पाला अंगाला चोळला, अंगभर चट्टे उठवले आणि डॉक्टरांकडून सुटका करून घेतली. मग तिने आपण बाई असल्याचं उघड केलं. तीही सुटली. पुढे दोघं डोंगरात जाऊन कॉन्फेडरेटांविरुद्ध लढली.

म्हणजे त्याच डोंगरातला, त्याच गरिबीतला, त्याच कंपनीतला माणूस "हे युद्ध माझं नाही" असं ठरवू शकत होता. इतरांनी ठरवलं नाही. मी त्यांना राक्षस म्हणत नाही. पण त्यांच्या निवडीला निवड तरी म्हणा.

क्रॅबट्रीकाठ

ब्लेलॉकांचं उदाहरण मोलाचं आहे, आणि मी ते अगदी उलट वाचतो. बाहेर पडायला अंगाची कातडी सोलून घ्यावी लागत असेल आणि नंतर रानात लपून राहावं लागत असेल, तर ज्याच्या घरी म्हातारे आई-बाप आणि पेरलेलं शेत आहे त्याला तो रस्ता मोकळा होता असं कसं म्हणायचं? १६ एप्रिल १८६२ नंतर १८ ते ३५ वयाच्या कुणालाही घरी बसण्याची मुभा राहिली नाही. ऑक्टोबरमध्ये तर वीस किंवा जास्त गुलाम असलेल्या मळ्यामागे एका गोऱ्या माणसाला भरतीतून सूट देणारा कायदा झाला. अ‍ॅशच्या पोराला सूट नाही, मळेवाल्याला आहे. हा राग डोंगराळ भागात इतका साचला की पुढे तिथे फरार झालेल्यांच्या टोळ्याच उभ्या राहिल्या.

निंबोणी, फुल्यांबद्दल पूर्ण मान्य. या युद्धाचा अर्थ मला धूसर करायचा नाही. दक्षिण हरली ते बरं झालं, हे मी इथल्या शेजाऱ्यांनाही सांगतो.

निंबोणी

मग आपला मतभेद एका वर्षापुरता उरतो. एप्रिल १८६२ नंतर जबरदस्तीने ठेवलेल्यांबद्दल तुमचं म्हणणं मी बरंचसं स्वीकारते. पण पहिले बारा महिने? तेव्हा कायदा नव्हता, सक्ती नव्हती. क्रॅबट्रीकाठच्या छावणीत जे आले ते वाजतगाजत, गावातल्या बायकांनी शिवून दिलेले झेंडे घेऊन आले. तुम्ही धाग्याला नाव दिलं आहे "पहिल्या वर्षातले शिपाई". आणि नेमकं त्याच वर्षाबद्दल तुमची बाजू सगळ्यात कच्ची आहे.

क्रॅबट्रीकाठ

पहिल्या वर्षाबद्दलही माझं तेच म्हणणं राहील. आपखुशीने आले, मान्य. पण फेब्रुवारीत परिषदेला नकार देणारा मतदार आणि जूनमध्ये भरती होणारा शिपाई बऱ्याच घरांत एकच होता, आणि त्याला मध्ये लिंकनच्या हुकमाने कोंडीत धरलं. गव्हर्नर एलिसने "नॉर्थ कॅरोलायनाकडून तुम्हाला सैन्य मिळणार नाही" असं उत्तर पाठवलं, तेव्हा संघराज्यवाल्या व्हान्सनेही तलवार उचलली. त्याला निवड म्हणा, माझी हरकत नाही. पण ती निवड गुलामगिरीसाठी केली असं तुम्ही प्रत्येक शिपायाच्या तोंडी घालणार असाल तर त्याला आधार हवा.

निंबोणी

व्हान्सच्या स्वतःच्या घरी गुलाम होते. संघराज्यात राहूनच गुलामगिरी जास्त सुरक्षित राहील, असं तेव्हाच्या तिथल्या पुष्कळ संघराज्यवाल्यांचं म्हणणं होतं. फेब्रुवारीतलं मत आणि जूनमधली भरती या दोन्हींखाली तीच जमीन आहे. मला हवा तेवढा आधार तिथे आहे.