मदत हवी आहे : मुलगे-मुलींच्या गुणांची तुलना करताना शाळागळतीचा (मध्येच शाळा सोडणाऱ्यांचा) हिशेब कसा धरावा?

मंडळी, बुद्धिमापन चाचणी आणि वार्षिक परीक्षा, दोन्हींतला मुलगे-मुलींमधला फरक मोजायचा आहे. सरासरींतला फरक भागिले दोन्ही गटांचे एकत्रित प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत याचे माप), इथपर्यंत ठीक.

अडते ते व्हेरिअन्सच्या (प्रमाण विचलनाच्या वर्गाच्या) गुणोत्तरापाशी, म्हणजे मुलग्यांचा व्हेरिअन्स भागिले मुलींचा. सरासरी तंतोतंत सारखी आणि गुणोत्तर फक्त १.१५ धरले, तरी सरासरीपेक्षा दोन प्रमाण विचलनांच्या वर मुलग्यांचे प्रमाण मुलींच्या सुमारे १.४ पट निघते (वितरण नॉर्मल, म्हणजे घंटेच्या आकाराचे, धरून). म्हणजे इथली छोटी चूक टोकाला फार मोठी दिसते. स्कॉटलंडमध्ये १९३२ साली ११ वर्षांच्या जवळजवळ सर्वच मुलांची चाचणी झाली होती, त्यामुळे निवडीचा (कोण चाचणीत आले, कोण सुटले याचा) प्रश्नच नव्हता. माझ्या नमुन्यात तो आहे: कमी गुणांचे मुलगे आधीच शाळा सोडून गेले, की उरलेल्यांची सरासरी फुगते आणि खालचे टोक कापले जाते. त्यात परीक्षा सोपी असल्याने मुलींचे वरचे टोक शंभराला अडकते.

गळतीसाठी हेकमन पद्धत (नमुन्यात कोण उरते याचे वेगळे समीकरण मांडून केलेली दुरुस्ती) वापरावी की आधीच्या इयत्तेच्या गुणांवरून मल्टिपल इम्प्युटेशन (नसलेले गुण अनेकदा अंदाजाने भरणे)? शंभराच्या छतासाठी टॉबिट (मर्यादेला अडकलेल्या गुणांसाठीचे प्रतिमान) पुरेल का? आणि प्रश्न दोन्ही गटांना सारखेच लागू पडतात का, ही तपासणी याआधी करावी ना? कृपया क्रम सांगा.