डोक्यामागचा व्रण रुंद झालाय, परत शिवून घ्यावा का? (पुणे)

निखिल_कोथरूड:
हेअर ट्रान्सप्लांट केलंय. पुढचे केस मस्त आलेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण मागचा व्रण दिसतो. परवा न्हाव्याने मागून आरसा धरला तेव्हा या कानापासून त्या कानापर्यंत गुलाबी पट्टा दिसला. डिसेंबरात बहिणीचं लग्न आहे. जिथे केलं ते 'नॉर्मल आहे' म्हणून फोन ठेवतात. पुण्यात हे नीट कोण करतं? खर्च किती? लवकर सांगा.

सदाशिव_पेठी:
एफयूटी (मागची पट्टी कापून) की एफयूई (एकेक मूळ काढून)? किती महिने झाले? रुंदी किती? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

निखिल_कोथरूड:
पट्टी कापून टाके घातले होते. नऊ महिने झाले. करंगळीएवढा रुंद असेल. खर्चाचं कोणीच बोलत नाही.

मंदार७७:
म्हणजे एफयूटी. कापाकापीच्या नादाला लागू नकोस. मी एसएमपी करून घेतलं. सुईने रंगाचे बारीक ठिपके देतात, बारीक केसांत व्रण मिसळून जातो. लग्नाच्या आत होईल.

डॉ_अनघा:
एसएमपीचा रंग फिकट होतो, पुन्हा भरावा लागतो, हेही सांगा. टाळू सैल असेल तर जुना व्रण काढून ताण न देता दोन थरांत शिवतात. एका कडेची वरची त्वचा जेमतेम मिलिमीटरभर छाटतात, मग केस व्रणातूनच वर येतात. याला ट्रायकोफायटिक म्हणतात. पण टाळू घट्ट असेल तर नवा व्रणही तसाच फाकतो.

मंदार७७:
तेच म्हणतोय, परत फाकला तर?

सदाशिव_पेठी:
म्हणून माझ्या भावाने व्रणातच दाढीचे केस लावून घेतले. व्रणात रक्तपुरवठा कमी, त्यामुळे लावलेली सगळी केसांची मुळं (ग्राफ्ट) धरत नाहीत. विरळ लावून दोन टप्प्यांत केलं. आता शोधावा लागतो.

स्मिता_पाषाण:
माझ्या मुलाचे बावीस वर्षांतच केस गळतायत. मिनॉक्सिडिल सुरू करू का? थांबवलं तर आहेत तेही जातात, खरं का?

डॉ_अनघा:
स्मिताताई, वेगळा धागा काढा, नक्की उत्तर देते. इथे एवढंच की मिनॉक्सिडिलने व्रणावर केस येत नाहीत, तिथे मुळंच उरलेली नसतात.

शनिवारवाड्याजवळ:
हेल्मेट घालतोस का? त्याची मागची कड नेमकी तिथेच घासते. पुण्यात हेल्मेटसक्ती लादणाऱ्यांनी याचा विचार केलाय?

सदाशिव_पेठी:
हेल्मेट काढायला सांगू नका हो. कवटी फुटली तर व्रणाचं काय घेऊन बसलात? आतून मऊ सुती रुमाल बांधायचा.

निखिल_कोथरूड:
हेल्मेटचं राहू द्या. घामाने खाज येते हे खरं आहे. रात्री जास्तच. आणि पट्टा हाताला टणक लागतो.

डॉ_अनघा:
हे आधी सांगायला हवं होतं! अंगावर दुसरीकडे कुठे असा फुगलेला व्रण आहे? छाती, खांदा, कानाची पाळी?

निखिल_कोथरूड:
छातीवर कांजिण्यांचा एक फोड होता, त्याची गाठ झालीय. मूळ फोडापेक्षा मोठी. त्याचा काय संबंध?

डॉ_अनघा:
मोठा संबंध आहे. मूळ जखमेच्या हद्दीबाहेर वाढतो तो केलॉइड, हद्दीतच फुगून राहतो तो हायपरट्रॉफिक. तुझ्या अंगाची प्रवृत्ती केलॉइडची दिसते. अशा माणसाचा व्रण नुसता कापून शिवला तर पहिल्यापेक्षा मोठा होऊन परत येऊ शकतो. आत्ता कापणं नको, एसएमपीच्या सुयाही नकोत. आधी त्वचारोगतज्ज्ञाला छातीची गाठ आणि टाळू दोन्ही दाखव. बहुधा व्रणात ट्रायमसिनोलोन या स्टिरॉइडची इंजेक्शनं देतील, साधारण चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने. खाज आधी कमी होते, टणकपणा नंतर. मग गरज पडली तर प्लास्टिक सर्जन. ससूनला (सरकारी रुग्णालय) दोन्ही विभाग आहेत, तिथे खर्चही कमी. जिथे केलंस तिथून ऑपरेशनचे कागद लेखी मागून घे, ते तुझे आहेत.

मंदार७७:
केलॉइड असेल तर माझा सल्ला मागे घेतो. निखिल, कुठे बुकिंग केलं असशील तर रद्द कर.

निखिल_कोथरूड:
उद्या एसएमपीचा ॲडव्हान्स भरणार होतो. थांबतो. सोमवारी ससूनला जातो. लग्नापर्यंत मागचे केस दोन बोटं वाढवले तर झाकेल ना?

सदाशिव_पेठी:
झाकेल. न्हाव्याला मागे मशीन लावू नको, कात्रीने काप म्हणून सांग.