सासूबाईंची मेणबत्ती कशासाठी?

नगरकरीण: माहेर नगरचं प्रोटेस्टंट, सासर वसईचं कॅथलिक. २ नोव्हेंबरला, कॅथलिकांच्या मृतांच्या स्मरणदिनी, सासूबाई सासऱ्यांची कबर धुऊन झेंडू वाहतात, मेणबत्ती लावतात. आमच्याकडे मेलेल्यांसाठी प्रार्थनाच नाही. बायबलातलं इब्री ९:२७ म्हणतं, एकदा मरण, मग न्याय. मग ही मेणबत्ती कशाला?

वसईकर: न्याय आम्हीही मानतो, तोही दोनदा! मरताच ज्याचा त्याचा, शेवटच्या दिवशी सगळ्यांचा. मधे शुद्धिस्थळ, म्हणजे मेल्यावर आत्मा शुद्ध होतो ती अवस्था. तिथला आत्मा तरलेलाच, फक्त शुद्ध व्हायचा राहिलेला. आपली प्रार्थना त्यालाच मदत करते, मेणबत्ती तिची खूण. मेलेल्यांसाठी प्रार्थनेला आधार २ मक्काबी १२, आमच्या बायबलातलं. तुमच्या बायबलात ते पुस्तकच नाही.

एक वाचक: येशूशेजारी वधस्तंभावर असलेल्या चोराला त्याच दिवशी सुखलोक मिळाला. तो कुठे थांबला?

नगरकरीण: भांडू नका हो. यंदा वारा सुटला होता, ज्योत विझत होती. पदर आडवा मीच धरला.