बोटाला शाई न लागलेली पोटनिवडणूक: सीमाभागातल्या विद्यार्थ्यांचे अनुभव

मलप्रभाकाठची

एम.ए. राज्यशास्त्राचं शेवटचं सत्र चालू आहे. 'पोटनिवडणूक आणि तरुण मतदार' यावर टिपण लिहायचं आहे. पुस्तकात सहानुभूतीची लाट वगैरे सगळं आहे, पण आमच्या भागात मी जे बघितलं ते त्यात कुठं बसेना. म्हणून हा धागा काढते. आधी माझं सांगते.

मी खानापूर तालुक्यातली. तेव्हाचे रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी २३ सप्टेंबर २०२० ला कोरोनानं गेले आणि बेळगाव लोकसभेची पोटनिवडणूक १७ एप्रिल २०२१ ला लागली. मला नुकतंच अठरावं संपलं होतं. बेळगावच्या शहापुरात तिघी मिळून खोली घेऊन राहायचो. प्रचाराच्या रिक्षा दिवसभर खिडकीखालून फिरायच्या, कधी मराठीत तर कधी कन्नडमध्ये. एक तर दोन्ही भाषांत एकच वाक्य आलटून पालटून म्हणायची. पहिलं मत इथंच पडणार म्हणून मी हवेत. मैत्रिणीचा भाऊ हसायलाच लागला, "अगं, तुझं खानापूर उत्तर कन्नडमध्ये. तुझा खासदार वेगळा."

खरंच होतं. घरापासून बेळगाव तासाभरावर, बाजार बेळगावचा, दवाखाना बेळगावचा, कॉलेज बेळगावचं. खासदार मात्र कारवारच्या लोकांबरोबर निवडायचा. निपाणी चिक्कोडी मतदारसंघात. आणि बेळगाव शहराच्या जोडीला सौंदत्ती, रामदुर्ग, गोकाक. सीमाप्रश्नाच्या मोर्चात आम्ही सगळे एक, मतदान यंत्रापुढं तीन ठिकाणी. हे मला अठराव्या वर्षी कळलं, तेही एका पोराच्या हसण्यावरून.

त्यात ७ एप्रिलपासून परिवहनच्या कर्मचाऱ्यांचा संप. गावी जावं म्हटलं तर एस.टी. नाही. मतदानाचा अख्खा दिवस खिडकीत काढला. लोक मास्क लावून, केंद्रावर दिलेला प्लास्टिकचा हातमोजा तसाच हातात अडकवून परत येत होते. रूममेटनं शाईचं बोट माझ्या नाकापुढं नाचवलं. दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही.

दुसरी आठवण १९ ऑक्टोबर २०२२ ची. काँग्रेसच्या अध्यक्षपदाचा निकाल लागला: मल्लिकार्जुन खर्गे ७,८९७, शशी थरूर १,०७२. वर्गात चर्चा झाली ती चोवीस वर्षांनी गांधी घराण्याबाहेरचा माणूस आला, निजलिंगप्पांनंतर पहिल्यांदा कर्नाटकाचा आला, अशी. घरी फोन केला तर आजोबांचं भलतंच. खर्ग्यांचा जन्म बिदर जिल्ह्यातल्या वरवट्टीचा, म्हणजे भालकी तालुका. आजोबांनी आयुष्यभर 'बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' अशी घोषणा दिलेली. ते म्हणाले, "बघ, भालकी सुटली शेवटी. आमच्याकडं नाही आली, दिल्लीला गेली."

आता तुम्ही लिहा. विद्यार्थी असताना बघितलेली कुठलीही पोटनिवडणूक, वरचा कुठलाही खुर्चीबदल. जुनं असलं तरी चालेल.

मागावरचा

बेळगावातलं वडगाव. घरात चार यंत्रमाग, त्यामुळं आमच्याकडं राजकारण ओरडूनच बोलावं लागतं.

तीच २०२१ ची निवडणूक. मी बी.कॉम. पहिल्या वर्षाला. एका घरात तीन पक्ष: आजोबा समिती (महाराष्ट्र एकीकरण समिती), वडील कमळ, आई कुणालाच सांगत नाही. समितीनं शुभम शेळके यांना उभं केलं होतं. आमच्यापेक्षा थोडेच मोठे, त्यामुळं गल्लीतली सगळी पोरं पेटलेली. भाजपकडून मंगला अंगडी, काँग्रेसकडून सतीश जारकीहोळी. समितीसाठी मुंबईहून संजय राऊत आले, भाजपसाठी देवेंद्र फडणवीस आले. आजोबांना हे दुसरं फार लागलं. "सीमाप्रश्न आमचा म्हणायचं आणि मत मात्र दुसरीकडं मागायचं?" वडील म्हणाले, "पक्ष त्यांचा, ते येणारच की." त्यावरून रात्री जेवणं वेगवेगळी.

२ मे ला निकाल. बंगालचाही त्याच दिवशी, म्हणून टीव्हीवर आमचं काही दाखवेनात. माग बंद ठेवून मोबाईलवर फेऱ्या बघत बसलो. कधी हे पुढं, कधी ते. शेवटी मंगला अंगडी ५,२४० मतांनी आल्या. दोनच वर्षांमागं त्याच जागेवर अंगडींचं मताधिक्य ३ लाख ९० हजारांच्या वर होतं! आणि समितीला १ लाख १७ हजार. आजोबांनी पेढे आणले, हरलेल्याचे. आमच्याकडं असं चालतं.

आता खरं सांगतो. त्याच सप्टेंबरात महापालिका लागली. मी कमळाला दिलं, गटारासाठी. भाजपचे ५८ पैकी ३५ आले. आजोबांना अजून माहीत नाही. ते मोबाईल वापरत नाहीत म्हणून इथं लिहितोय.

कृष्णाकाठ

मी कागवाड भागातला. आमची पोटनिवडणूक ५ डिसेंबर २०१९ ची. राज्यात १५ जागा होत्या, त्यात आमच्या जिल्ह्यातल्या तीन: अथणी, कागवाड, गोकाक.

कोण मेलं नव्हतं. २०१८ ला निवडून आलेल्या आमदारांनी राजीनामे दिले, जुलै २०१९ मध्ये कुमारस्वामींचं सरकार पडलं, राजीनामे दिलेले अपात्र ठरले आणि तेच परत दुसऱ्या चिन्हावर उभे. माझं पहिलं मत २०१८ ला, दुसरं एप्रिल २०१९ ला लोकसभेला, तिसरं हे. दीड वर्षात तीनदा बोट निळं. मला वाटलं लोकशाहीत असं दर सहा महिन्यांनी असतंच.

पण आमच्याकडं ती निवडणूक लक्षात राहिली ती पुरामुळं. ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरात आलं. डी.एड.च्या वह्या, प्रमाणपत्रं, बहिणीची दहावीची पुस्तकं, सगळं भिजलं. जनावरं घेऊन तीन आठवडे शाळेत राहिलो. पाणी उतरल्यावर प्रमाणपत्रं इस्त्री करून वाळवली. (हसू नका, खरंच इस्त्रीनं. वर सुती कापड टाकायचं.) नोव्हेंबरात प्रचार आला तेव्हा भिंतीवर पाण्याची रेघ छातीएवढी तशीच होती. पोरांनी त्या रेघेच्या वरच पोस्टर लावलं. खाली चिकटतच नव्हतं, पोपडे यायचे.

सभेत बोलणारे सरकार स्थिर पाहिजे म्हणायचे. आम्ही विचारायचो, पडलेल्या घराचा दुसरा हप्ता कधी. दोघांचं बोलणं दोन वाटांनी. शेजारी गोकाकला तर रमेश आणि लखन जारकीहोळी, भाऊ-भाऊच समोरासमोर. आमच्या घरी जेवायला बसलं की गोकाकचीच चर्चा, स्वतःच्या मतदारसंघाची नाही. ९ डिसेंबरला निकाल लागला, भाजपला १५ पैकी १२. जिल्ह्यातल्या तिन्ही त्यांच्याच.

मत कुणाला दिलं ते सांगत नाही. हप्ता निवडणुकीनंतर आला एवढंच सांगतो. निवडणुकीमुळं आला का, ते मला आजही ठरवता येत नाही.

चिकूमिकू

आमच्याकडं पोटनिवडणूक म्हणजे डांबर. आमदारानं राजीनामा द्यावा असं म्हणू नये, पण रस्ता बघितला की वाटतं.

निवृत्त मास्तर

कृष्णाकाठ, चिन्ह बदलून उभं राहणं तुमच्या वेळचं नवं नाही.

१९७८ मध्ये मी बेळगावात बी.ए.ला होतो. इंदिरा गांधी आदल्या वर्षी रायबरेलीत हरलेल्या. चिक्कमगळूरच्या खासदारांनी राजीनामा देऊन त्यांच्यासाठी जागा मोकळी केली. समोर जनता पक्षाचे वीरेंद्र पाटील. आमच्या वसतिगृहात एकच रेडिओ. धारवाड केंद्राच्या कन्नड बातम्या लागायच्या, सौंदत्तीचा एक मित्र ऐकता ऐकता मराठीत सांगायचा. तो स्वतः जनता पक्षवाला, त्यामुळं बाईंच्या सभेला गर्दी झाली अशी बातमी असली की हळू आवाजात भाषांतर करायचा. आम्ही मराठी पोरं बाईंवर रागावलेली, बेळगाव कर्नाटकातच ठेवा म्हणणाऱ्या महाजन अहवालाचा सल होता. तरी निकालादिवशी सगळे रेडिओभोवती. सत्तर हजारांवर मतांनी त्या आल्या. दीड महिना होतोय न होतोय तोच लोकसभेनं त्यांचं सदस्यत्व काढलं आणि जानेवारी १९८० मध्ये त्या परत पंतप्रधान. आणि हरलेले वीरेंद्र पाटील? १९८९ ला काँग्रेसचेच मुख्यमंत्री! माझा सौंदत्तीचा मित्र तोवर मास्तर झाला होता. त्यानं मला पोस्टकार्ड टाकलं. त्यावर एकच शब्द: "भाषांतर?"

दुसरं थोडं विषयाबाहेरचं, पण तुमच्या पिढीनं ऐकावं. १९९६ च्या लोकसभेला सीमाप्रश्नाकडं लक्ष वेधायला समितीनं बेळगावात उमेदवारांची रांग लावली. एकूण ४५६ उमेदवार. तेव्हा यंत्रं नव्हती, शिक्का मारायचा. मी केंद्रावर ड्यूटीला. म्हाताऱ्या बायका ती मतपत्रिका उलगडत बसायच्या, त्यात आपला माणूस शोधायचा आणि मग घडी घालायची. घडीच घालता येईना. एक आजी म्हणाली, "मास्तर, हे लुगडं कुणी विणलं?" त्याच वर्षी सरकारनं अनामत रक्कम ५०० वरून १०,००० केली. आमचे ४५६ हेही त्याचं एक कारण. देशाच्या कायद्यात बेळगावनं घातलेली भर म्हणून मी ते वर्गात शिकवायचो.

मलप्रभाकाठची

मास्तर, लुगडं टिपणात घेऊ का? नाव घालणार नाही.

निवृत्त मास्तर

घे की. आजीचं नाव मलाही आठवत नाही.

टिळकवाडी_तिसरा_क्रॉस

नेतृत्वबदलाबद्दल कुणी फार लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. मला खर्गे टीव्हीवर नाही, गल्लीच्या तोंडाशी भेटले. म्हणजे त्यांच्या गाड्यांचा ताफा.

१९२४ च्या डिसेंबरात बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन झालं, गांधीजी अध्यक्ष. ते अध्यक्ष झाले ते एवढं एकदाच. अधिवेशनाच्या पाण्यासाठी खणलेली काँग्रेस विहीर आमच्या घरापासून चालत दहा मिनिटं. लहानपणापासून मी तिथं फक्त 'विहिरीजवळ ये' एवढ्यासाठी गेलेली. २०२४ च्या डिसेंबरात शंभर वर्षं झाली आणि शहर ओळखू येईना. चौकाचौकांत दसऱ्यासारखी रोषणाई. आईला घेऊन दिवे बघायला निघाले तर अर्धं गाव तिथंच, कुणी काँग्रेसचं नव्हतं, सगळे दिवेवाले. २६ ला कार्यकारिणीची बैठक झाली, खर्गे, राहुल गांधी सगळे आलेले. अध्यक्ष आपल्या राज्याचा, तो बसणार गांधीजी बसले त्या गावात, याचं माझ्या कन्नड मैत्रिणीला फार कौतुक. ती मला म्हणाली, "तुलाही वाटतं ना?" मी हो म्हणाले. अर्धं खरं, अर्धं तिच्यासाठी.

त्याच रात्री मनमोहन सिंग गेले. दुसऱ्या दिवशीची सभा रद्द. सकाळी क्लासला जाताना बघितलं, माणसं शिडीवर चढून माळा बंद करत होती. एक जण कन्नडमध्ये दुसऱ्याला विचारत होता, काढायच्या की नुसत्या विझवायच्या. सभा मग २१ जानेवारीला झाली. मी गेले नाही, त्या दिवशी ट्राफिकमुळं क्लासला उशीर झाला आणि सरांनी बाहेर उभं केलं.

तंबाखूच्या_पेठेतली

निपाणी. आमच्याकडं पोटनिवडणूक माझ्या आठवणीत नाही, म्हणून थोडक्यात.

मतदार यादीत माझं नाव कन्नडमध्ये असं लिहिलंय की वाचलं तर दुसरीच मुलगी वाटते. दुरुस्तीचा अर्ज दोनदा दिला. पहिल्यांदा आडनाव सुधारलं आणि बापाचं नाव बिघडलं. दुसऱ्यांदा वय सत्तावीस झालं. मी बाविसाची. आई विड्या वळते, तिला वाचता येत नाही, तिचं नाव मात्र अगदी बरोबर आहे. २०२४ ला केंद्रावर अधिकाऱ्यानं चिठ्ठी बघून विचारलं, "ही तूच का?" मी म्हटलं, "पाच वर्षांनी होईन."

मलप्रभाकाठची

हे पण टिपणात. परवा सादर करायचं आहे. माझं पहिलं मत शेवटी १० मे २०२३ ला पडलं, विधानसभेला, आमच्या गावच्या शाळेत, जिथं मी पहिली ते सातवी शिकले. फळ्यावर सहाचा पाढा अर्धा पुसलेला होता. बाहेर आल्यावर शहापूरच्या त्या रूममेटला बोटाचा फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "बास की आता, दोन वर्षं झाली."