आधी वेग की आधी चेंडू?
वॉटरपोलो, म्हणजे पाण्यात पोहत चेंडू गोलमध्ये टाकायचा खेळ, शिकवताना "५० मीटर पोहण्याची वेळ सुधारेपर्यंत मुलांच्या हाती चेंडू नको," असं काहीजण म्हणतात. हे मत मला अजिबात पटत नाही. वॉटरपोलोत डोकं पाण्याबाहेर ठेवूनच पोहायचं असतं. मान वर आली की कंबर खाली जाते आणि शर्यतीत कमावलेला वेग तिथेच गळतो. डोकं वर ठेवून एकदा चेंडूसह, एकदा चेंडूविना वेळ घ्या. काम कुठे बाकी आहे ते लगेच कळेल. चेंडू हाताने ढकलायचा नसतो. कोपरं उंच ठेवली की दोन हातांमधल्या लाटेवर तो नाकासमोर आपसूक सरकतो. आणि लहानांना लहानच चेंडू द्या. ६८ ते ७१ सेंमी परिघाचा पुरुषांचा ओला चेंडू त्यांच्या एका हातात मावणार कसा?